आकाशदर्शनाचा छंद बीड जिल्ह्यात कसा रुजेल?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील वाड्या, तांडे आणि गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता, भांडीकुंडी आणि तान्ही मुले गाडीत घालून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात. गळीत हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, थळावरची कोपी हेच त्यांचे घर. डिसेंबरातल्या पहाटे तीन-चारला फडाकडे निघालेल्या या माणसांच्या डोक्यावर मृग पश्चिमेला कललेला असतो, व्याध त्याच्या मागोमाग असतो आणि सप्तर्षी ईशान्येला उंच चढलेले असतात. हेच आकाश पाहता यावे म्हणून मुंबईचा हौशी निरीक्षक रात्रीची लोकल पकडून वांगणीपर्यंत जातो. कारण दादरच्या गच्चीवरून त्याला जेमतेम दहावीस तारे दिसतात. जेथे खगोलमंडळे आहेत तेथे तारे उरलेले नाहीत आणि जेथे तारे आहेत तेथवर मंडळे फारशी पोहोचलेली नाहीत. हे अंतर कसे कमी करता येईल, एवढाच आजचा विषय आहे.

या विषयाला पहिली हरकत कार्यकर्त्यांच्या घरातूनच येते. दुष्काळ, उचलीचे कर्ज, शेतमालाचा भाव, रोजगार हमीची थकलेली मजुरी हे सारे समोर उभे असताना ताऱ्यांचे कौतुक कशाला? हरकत प्रामाणिक आहे, म्हणून ती टाळून चालणार नाही. परंतु ज्याला भाकरीची ददात आहे त्याला कुतूहल नसते, हे गृहीतच मुळात सुखवस्तू वर्गाचे आहे. शिवाय आकाश श्रमिकांच्या आयुष्यात आधीच आणून ठेवलेले आहे, तेही त्यांच्या विरोधात. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये सिद्ध केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाच्या आरंभीच, जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींतून आणि ग्रहांच्या धाकातून कुणब्याच्या घरातला दाणा कसा बाहेर जातो, याचा हिशेब मांडला आहे. तो हिशेब अजून मिटलेला नाही. ग्रहणाच्या वेळी गर्भवतीने विळी हातात धरायची नाही, पाणी प्यायचे नाही, काळोख्या खोलीत बसून राहायचे, हे आजही घरोघर चालते. विज्ञाननिष्ठ दृष्टी जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, असे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ५१ क मध्ये लिहिले. पण ती दृष्टी कलमाने येत नाही. ग्रहणात खाऊनपिऊन दाखवण्याचे कार्यक्रम चळवळीने पुष्कळ केले आणि ते आवश्यकच होते. मात्र वर्षाकाठी एखाद्या ग्रहणाने माणसाची नजर बदलत नाही. उरलेल्या रात्रींचे काय, हा प्रश्न चळवळीने स्वतःला फारसा विचारलेला नाही. अंधश्रद्धा खोडण्यासाठी माणसाला आकाशाकडे नेण्यापेक्षा आकाशातली मौज दाखवण्यासाठी नेले, तर अंधश्रद्धा पुष्कळदा आपोआप गळून पडते. हा क्रम उलटा झाला की श्रोता पहिल्या पाच मिनिटांत उठून जातो.

खगोलविद्येचा या भूमीशी संबंध सांगायचा तर भास्कराचार्यांचे नाव हमखास निघते. भास्कराचार्य १११४ मध्ये जन्मले आणि 'सिद्धान्तशिरोमणि' त्यांनी छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये पूर्ण केला. त्यांनी स्वतः सांगितलेले सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड हे गाव कोणते, यावर पंडितांत वाद आहे आणि त्या वादात बीडचेही नाव घेतले जाते. तो वाद पंडितांवर सोपवावा. अभिमानाने मिरवण्यापलीकडे त्यातून जिल्ह्याच्या पदरात काही पडत नाही. त्याहून बोधप्रद गोष्ट चाळीसगावजवळच्या पाटण येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि त्याच्या खर्चाची तजवीज लावून देण्यात आली, असे तो लेख सांगतो. ज्ञान टिकवायचे तर नुसता ग्रंथ पुरत नाही. जागा लागते, माणसे लागतात आणि त्यांच्या निर्वाहाची सोय लागते, हे त्या नातवाला ठाऊक होते.

ज्यांना ते ठाऊक नव्हते त्यांचे काय झाले, याचे उदाहरण पुण्यातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तेथील सायन्स कॉलेजात वेधशाळा उभारली. वीस इंचांची दुर्बीण आणली. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या उत्साहावर उभे राहिलेले काम त्या माणसाबरोबर संपते. तालुक्याच्या शाळेत एखादा हौशी शिक्षक दुर्बीण आणतो, चार वर्षे मुले नादावतात आणि बदलीचा हुकूम आला की दुर्बीण कपाटात जाते. नायगमवाल्यांच्या वेधशाळेची ही छोटी आवृत्ती महाराष्ट्रात कितीतरी शाळांतून निघत असते.

बीडची गोष्ट तर आणखी वेगळी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीत नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये निजामिया वेधशाळा स्थापन केली होती आणि संपूर्ण आकाशाचे तारकापत्रक तयार करण्याच्या आंतरराष्ट्रीय कामात तिने मोलाचा वाटा उचलला. पण त्याच राज्यातल्या मराठी मुलखात मुलांना मातृभाषेतून शिकण्याचीही वानवा होती. विज्ञान राजधानीत आणि निरक्षरता खेड्यात, ही वाटणी निजामानेच तेवढी केली असे नव्हे. तिचा वारसा पुढेही चालत आला. उलट, बीडच्या सीमेजवळच्या बार्शीला इंग्रजी शाळेत शिकवणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित पाहा. वेधशाळा नाही, राजाश्रय नाही. शिक्षकाच्या पगारात त्यांनी अभ्यास केला, सामान्य वाचकासाठी 'ज्योतिर्विलास' लिहिले आणि १८९६ मध्ये भारतीय ज्योतिःशास्त्राचा तो प्रचंड इतिहास प्रसिद्ध केला. हौशी हा शब्द तुच्छतेने वापरणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

आता आजची साधने. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ मध्ये स्थापन झाली. हौशी खगोलप्रेमींची देशातील ही सर्वांत जुनी संस्था. पदाधिकारी बदलले, पिढ्या बदलल्या, तरी ती चालू राहिली. नायगमवाल्यांच्या वेधशाळेला जे साधले नाही ते या हौशी मंडळींना साधले. मुंबईचे खगोल मंडळ १९८५ चे, म्हणजे हॅलेच्या धूमकेतूची चाहूल लागली त्या दिवसांतले. वांगणीच्या रात्रभराच्या आकाशदर्शनांनी त्याने हजारो लोकांना ताऱ्यांची ओळख करून दिली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचे विभाग महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. मुंबईचे नेहरू तारांगण १९७७ चे. पुण्याची आयुका १९८८ ची. तेथील शास्त्रज्ञांनी हौशी मंडळींसाठी आणि शिक्षकांसाठी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिचे आवार शाळकरी मुलांनी फुलून जाते. बीडला सर्वांत जवळचे म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे, एमजीएम संस्थेचे खगोल व अंतराळ विज्ञान केंद्र.

या संस्थांकडे जाताना मात्र मागणी नेमकी असावी. आपल्याकडे प्रथा अशी की मोठ्या वक्त्याला बोलवावे, हारतुरे व्हावेत, दुर्बिणीतून शनीची कडी पाहण्यासाठी रांग लागावी आणि दुसऱ्या दिवशी गाव पुन्हा होते तसे व्हावे. त्याऐवजी गावातली तीन-चार माणसे शिकून यावीत. एक शिक्षक, एक तरुणी, एक शेतकरी किंवा वायरमन. एकाची बदली झाली, दुसरीचे लग्न झाले, तरी उरलेल्यांनी काम चालवावे. मोठ्या माणसाला गाठायचे तर त्याला व्यासपीठावर बसवावेच लागते असेही नाही. २० मे २०२५ रोजी दिवंगत झालेले डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तर येई आणि त्याखाली स्वाक्षरी असे. जिल्ह्यातल्या शाळांनी ही प्रथा त्यांच्या पश्चातही चालवायला हरकत नाही. प्रश्न लिहून पाठवणाऱ्या मुलाला उत्तर देणारे लोक या संस्थांमधून आजही आहेत.

दुर्बिणीची घाई करू नये. पहिले सहा महिने नुसते डोळे पुरतात आणि मग दहा गुणिले पन्नासची द्विनेत्री. तिच्यातून गुरूचे चार चंद्र, कृत्तिकांचा पुंजका आणि देवयानीची दीर्घिका दिसते. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशाचा साधारण दहा अंशांचा पट्टा झाकते. बीडचे अक्षांश सुमारे एकोणीस. म्हणून ध्रुव क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठी वर दिसतो. चौथीतल्या मुलाने हे स्वतः मोजले की पृथ्वीवरचे आपल्या गावाचे स्थान त्याला नकाशावाचून कळते. मेच्या मध्यावर जिल्ह्यात सूर्य भर मध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दक्षिणेकडच्या अंबाजोगाईला हा दिवस आधी येतो, उत्तरेकडच्या गेवराईला दोन-तीन दिवसांनी. दोन्हीकडच्या मुलांनी नोंदी घेऊन ताडून पाहिल्या तर पृथ्वी वाटोळी असल्याचा पुरावा त्यांच्या वहीत तयार होतो. पैसा एकही लागत नाही.

आणि या आकाशाची श्रीमंती! फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला अगस्ती तळपतो. मेमध्ये त्याच वेळी त्रिशंकू दक्षिण क्षितिजावर उभा असतो आणि त्याच्या वरच्या बाजूला नरतुरंगातला लक्षावधी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ, ज्याला ओमेगा सेंटॉरी म्हणतात, तो नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. लंडनच्या निरीक्षकाने कितीही पौंड मोजून दुर्बीण घेतली तरी घराच्या अंगणातून त्याला यातले काहीच दिसणार नाही. पृथ्वीचा गोलावाच मध्ये येतो. पाटोद्याच्या माळावर बाजेवर पडलेल्या माणसाला ते फुकट आहे.

त्या माणसाला काहीच माहीत नाही, असे समजून शिकवायला जाणे ही मात्र मोठी चूक ठरेल. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी गोंड, कोलाम आणि बंजारा समाजांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला आहे. गोंडांना सप्तर्षींच्या चौकोनात खाट दिसते आणि शेपटाच्या तीन ताऱ्यांत ती चोरू पाहणारे चोर. बीड जिल्ह्यात बंजाऱ्यांचे तांडे थोडे नाहीत. त्या तांड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे, रात्रीच्या वाटचालीत वेळ ओळखणाऱ्या जुन्या गाडीवानांकडे कोणती नावे, कोणत्या गोष्टी शिल्लक आहेत, हे त्यांच्याबरोबर जाण्याआधी कोणीतरी लिहून घेतले पाहिजे. खगोलमंडळाचे हे पहिले काम ठरू शकते आणि त्याला दुर्बीणही लागत नाही, इंग्रजीही लागत नाही.

पुढे दुर्बीण हवीच झाली तर ती विकत घेण्यापेक्षा बनवण्यात खरी गंमत आहे. सारख्या व्यासाच्या काचेच्या दोन जाड चकत्या घ्यायच्या. एक पिंपावर घट्ट बसवायची, दुसरी तिच्यावर ठेवून मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून पुढेमागे घासायची. घासता घासता पिंपाभोवती फिरत राहायचे. वरची चकती मध्यभागी झिजून अंतर्गोल होते, खालची फुगीर. पूड बारीक बारीक करत न्यायची, मग डांबरासारख्या पिचच्या थरावर पॉलिश करायचे. एक दिवा आणि दाढीचे पाते एवढ्या सामग्रीवर आरशाचा आकार तपासता येतो. ही युक्ती फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५८ मध्ये काढली. अशा हातघासणीने साधलेल्या चांगल्या आरशातली चूक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असते. कोणत्याही महागड्या यंत्रावाचून, केवळ संयमाने आणि हाताने! ज्या जिल्ह्याची ओळख इतरांनी कोयत्यापुरती करून ठेवली आहे, तेथल्या हातांना हे काम जमणार नाही असे म्हणण्यास आधार नाही. शेवटचा ॲल्युमिनियमचा मुलामा तेवढा निर्वात यंत्रात द्यावा लागतो. त्यासाठी शहर गाठावे लागेल.

अमेरिकेत जॉन डॉब्सन नावाच्या माणसाने हेच केले. वेदान्त मठातला हा संन्यासी. दुर्बिणींच्या नादापायी मठातून बाहेर पडावे लागले. त्याने टाकाऊ काच, पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवुड यांतून मोठाल्या दुर्बिणी बनवल्या आणि १९६८ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवला. पेटंट घेतले नाही, पैसे मागितले नाहीत. आज जगभरचे हौशी लोक त्याच्या पद्धतीची बैठक वापरतात. आठवडी बाजाराच्या संध्याकाळी बाजारतळावर एक दुर्बीण उभी करणे हे त्याचेच अनुकरण होईल, आणि सभागृहातल्या व्याख्यानापेक्षा ते कितीतरी मोलाचे.

मोबाइल आता तांड्यांतही पोहोचला आहे, त्याचा उपयोग का करू नये? स्टेलेरियम ही आकाशाचा नकाशा दाखवणारी प्रणाली संगणकावर विनामूल्य चालते. तीत भारतीय नक्षत्रांचा संचही आहे. मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशींतून आलेले 'राष्ट्रीय पंचांग' सरकार मराठीतही काढते. ग्रहणांच्या वेळा त्यात असतात. फलज्योतिषाचा बाजार मांडणाऱ्यांकडे त्यासाठी जाण्याचे कारण नाही. रूपविकारी ताऱ्यांचे निरीक्षण करणाऱ्यांची अमेरिकेतील संघटना १९११ पासून जगभरच्या हौशी लोकांच्या नोंदी स्वीकारते. २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या आरंभी मृगातला काक्षीचा तारा विलक्षण मंदावला, तो बदल नुसत्या डोळ्यांना कळत होता. बीडच्या माळावरची नोंद बोस्टनच्या नोंदीइतकीच ग्राह्य धरली गेली असती. भारतातच डॉ. आनंद होता यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला रॅड ॲट होम हा उपक्रम खोडदच्या दुर्बिणीने टिपलेल्या माहितीतून दीर्घिका शोधण्याचे काम सामान्य पदवीधरांना शिकवतो. अडचण भाषेची आहे. यांतले बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे. पुण्यामुंबईच्या मंडळांनी आणि मराठी विज्ञान परिषदेने हे साहित्य सोप्या मराठीत आणून दिले, तर त्यांच्या दहा आकाशदर्शनांपेक्षा तो उपकार मोठा ठरेल.

अंधार मात्र कायमचा नाही. निधीतून हायमास्ट दिवा आणणे हे पुढाऱ्याच्या कर्तृत्वाचे लक्षण झाले आहे, आणि तो दिवा रस्त्याइतकाच ढगांनाही उजळतो. गावाला उजेड नको, असे कोणी म्हणणार नाही. रात्री पाण्याला जाणाऱ्या बाईला तो हवाच. पण दिव्यावर टोपण घालून प्रकाश खाली वळवला तर उजेड वाढतो आणि वीज वाचते. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क' ही मान्यता मिळाली, ती आसपासच्या गावांतले दिवे असे बदलल्यावर. लडाखमध्ये हानले परिसर २०२२ मध्ये अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र झाला आणि तेथल्या गावकऱ्यांनाच दुर्बिणी देऊन मार्गदर्शक म्हणून तयार केले गेले. ग्रामपंचायतीच्या ठरावाने होण्याजोगी ही गोष्ट आहे.

सुरुवात कोठून करावी, याचेही उत्तर जिल्ह्यातच आहे. आईबाप फडावर गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठी गावोगावी हंगामी वसतिगृहे चालतात. त्यांचे महिने म्हणजे नोव्हेंबर ते मार्च. नेमके तेच महिने आकाश सर्वांत निरभ्र असते. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्का बरसतात. त्या रात्री वसतिगृहाच्या अंगणात सतरंजी घालून मुलांनी उल्का मोजाव्यात, तास आणि संख्या वहीत लिहावी. त्याच रात्री थळावरच्या आईबापांनाही त्या दिसतात. दुसऱ्या दिवशी फोनवर बोलायला दोघांनाही विषय मिळतो. चळवळीच्या प्रत्येक निवासी शिबिरात रात्रीचा एक तास आकाशासाठी राखून ठेवावा. नाही तरी तो तास बहुधा पुढाऱ्याच्या लांबलेल्या भाषणात जातो.

२ ऑगस्ट २०२७ रोजी सूर्यग्रहण आहे. खग्रास पट्टा स्पेन, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानातून जातो. महाराष्ट्रातून ते दुपार टळल्यावर खंडग्रास दिसेल. पावसाळा असल्याने ढगांचा भरवसा नाही. पण तयारी आधीपासून हवी: प्रमाणित ग्रहणचष्मे, ते न मिळाल्यास चौदा नंबरची वेल्डिंगची काच, आणि सर्वांत सुरक्षित व फुकटची युक्ती म्हणजे पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याकडे पाठ करून भिंतीवर त्याची प्रतिमा पाडणे. झाडाखाली उभे राहिले तर पानांच्या फटींतूनही जमिनीवर असंख्य चंद्रकोरी उमटतात. त्या गर्भवतीलाही अंगणात येऊन पाहता येतील.